ज्युरी कारण सांगत नाही, मग अपील कशावर करायचं? : टिळक खटला (१८९७) आणि न्यायाधीशांचे चुकीचे निर्देश



पेट किंवा नेट-सेटची तयारी करणारे विद्यार्थी मला एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात: एखाद्या संशोधनाचा निष्कर्ष पटला नाही, तर आक्षेप नेमका कशावर घ्यायचा? 'मला पटलं नाही' हा काही आक्षेप होत नाही. पद्धतीतली चूक दाखवावी लागते. बरं, चूक दाखवली म्हणजे निष्कर्ष आपोआप कोसळतो का? तसंही नाही. ती चूक निष्कर्षाला पोचते का, हे वेगळं दाखवावं लागतं.

मी मूळची विज्ञान शाखेची. पण पुरावा आणि संभाव्यता यांवर वाचताना कायद्याचा एक कोपरा सापडला, जिथे हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षं घासूनपुसून तपासला गेलाय: ज्युरीला न्यायाधीशांनी चुकीचे निर्देश दिले म्हणून शिक्षेविरुद्ध केलेलं अपील. यातला एक महत्त्वाचा खटला आपल्या मुंबईत चालला आणि त्यातला आरोपी आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. चला तर मग, मुळापासून बघू.

ज्युरी काय करते, न्यायाधीश काय करतो?

ज्युरीच्या खटल्यात कामाची वाटणी ठरलेली असते. कायदा काय आहे हे न्यायाधीश सांगतो. घडलं काय हे ज्युरी ठरवते. ज्युरीत बसलेली माणसं साधी असतात. कोणी व्यापारी, कोणी कारकून, कोणी शिक्षक. 'खून' आणि 'सदोष मनुष्यवध' यांत कायद्याने काय फरक आहे हे त्यांना माहीत असण्याची अपेक्षाच नसते. म्हणून दोन्ही बाजूंचं बोलून झालं की न्यायाधीश ज्युरीला उद्देशून बोलतो. गुन्ह्याचे घटक कोणते, कोणी काय सिद्ध करायचं, कुठल्या पुराव्याकडे सावधपणे बघायचं, आरोपीचा बचाव काय आहे, हे सगळं तो समजावतो. यालाच ज्युरीला दिलेले निर्देश म्हणतात.

मग ज्युरी आत जाते, चर्चा करते आणि बाहेर येऊन सांगते: दोषी, किंवा निर्दोष. बस्स. कारण सांगत नाही.

आता अपिलाची अडचण लक्षात घ्या. आज भारतात न्यायाधीश एकटा निकाल देतो तेव्हा तो लेखी कारणं देतो. वरचं कोर्ट एकेक परिच्छेद काढून 'इथे तर्क चुकला' असं म्हणू शकतं. ज्युरीच्या बाबतीत असा कागदच नसतो. शिवाय इंग्लंडच्या परंपरेत ज्युरीच्या खोलीत काय बोलणं झालं ते गुप्त असतं. वरचं कोर्ट ज्युररला बोलावून 'तुम्ही असं का ठरवलंत?' असं विचारत नाही.

म्हणजे आपल्यासमोर एक बंद पेटी आहे. आत काय चाललं ते दिसत नाही. बाहेर आलेलं उत्तर एका शब्दाचं. मग तपासायला काय उरतं? पेटीत जे घातलं ते. न्यायाधीशाचं भाषण उघड्या कोर्टात झालेलं असतं आणि ते टिपून घेतलेलं असतं. म्हणून अपील त्या भाषणावर होतं. त्यामागचं गृहीतक असं की ज्युरी निर्देश पाळते. निर्देश चुकीचे असतील, तर ज्युरीने चुकीचा नियम प्रामाणिकपणे वापरला असणार.

चुकीचे प्रकार ढोबळमानाने चार:

१. कायद्याची व्याख्याच चुकीची सांगणं.
२. सिद्ध करण्याची जबाबदारी चुकीच्या बाजूवर टाकणं.
३. पुराव्याबद्दल आवश्यक ती सावधगिरी न सांगणं. उदाहरणार्थ, साक्षीदाराने आरोपीला ओळताना गफलत होऊ शकते. १९७६ च्या टर्नबुल निकालानंतर इंग्लंडमध्ये हा इशारा ज्युरीला द्यावाच लागतो.
४. आरोपीचा बचाव ज्युरीपुढे नीट न मांडणं.

यातले तिसरा आणि चौथा प्रकार बघा. तिथे न्यायाधीश चुकीचं काही बोललेलाच नसतो. जे बोलायला हवं होतं ते बोलायचं राहिलेलं असतं. मौनसुद्धा चूक ठरू शकतं. संशोधनात नियंत्रण गट ठेवलाच नाही, तर अहवालात एकही वाक्य खोटं नसताना निष्कर्ष पोकळ असू शकतो. तसंच हे.

मुंबई, सप्टेंबर १८९७

१५ जून १८९७ च्या 'केसरी'त शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तान्त आला. त्यात अफझलखानाच्या वधाबद्दल झालेली भाषणं होती. त्याच अंकात शिवाजी महाराज परत येऊन देशाची अवस्था बघतात अशी कल्पना केलेली एक कविताही होती. २२ जूनच्या रात्री पुण्यात रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली. आरोप खुनाच्या कटाचा नव्हता, तर त्या मजकुरावरून राजद्रोहाचा होता: भारतीय दंडविधानाचं कलम १२४-अ.

खटला ८ सप्टेंबरला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यासमोर सुरू झाला. ज्युरी नऊ जणांची होती: सहा युरोपियन, तीन भारतीय. लेख मराठीत, आणि कोर्टात वाद चालला तो मुख्यतः त्यांच्या इंग्रजी भाषांतरावर.

कलम १२४-अ चा गाभा एका शब्दात होता: डिसअफेक्शन. सरकारविरुद्ध ही भावना चेतवणं म्हणजे गुन्हा. आजच्या कायद्याच्या मराठीत त्याला 'अप्रीती' म्हणतात. पण अप्रीती म्हणजे नेमकं काय?

संस्कृतचं व्याकरण थोडं आठवत असेल तर हा प्रश्न लगेच कळेल. 'अ' हा नकार सगळीकडे एकाच अर्थाने येत नाही. 'अज्ञान' म्हणजे ज्ञान नसणं; हा अभाव. 'अधर्म' म्हणजे नुसता धर्म नसणं नव्हे, तर धर्माच्या विरुद्ध वागणं, हा विरोध. मग अप्रीती म्हणजे प्रेमाचा अभाव की प्रेमाच्या उलट भावना? विज्ञानाच्या भाषेत, शून्य की ऋण?

हा शब्दच्छल नाही. अर्थ 'ऋण' असेल, तर लेखकाने वाचकाच्या मनात द्वेष निर्माण करण्याचा प्रयत्न केला हे सरकारला सिद्ध करावं लागतं. अर्थ 'शून्य' असेल, तर लेख वाचून सरकारबद्दलचं प्रेम आटलं एवढंही पुरेल. आणि परक्या सरकारवर टीका करणारं कुठलं वर्तमानपत्र वाचून त्या सरकारबद्दल प्रेम दाटून येणार होतं?

याआधी १८९१ मध्ये कलकत्त्याला 'बंगबासी' पत्रावर याच कलमाखाली खटला झाला होता. तिथे मुख्य न्यायमूर्ती पेथरम यांनी ज्युरीला सांगितलं होतं की डिसअफेक्शन म्हणजे प्रेमाच्या विरुद्ध भावना, म्हणजे नावड किंवा द्वेष. त्या ज्युरीचं एकमत झालं नाही आणि पुढे माफीनंतर प्रकरण मिटलं.

स्ट्रेची यांनी मात्र ज्युरीला सांगितलं की डिसअफेक्शन म्हणजे प्रेमाचा केवळ अभाव. त्याला लागूनच त्यांनी द्वेष, शत्रुत्व, तिटकारा, तुच्छता, सरकारबद्दलची सर्व तऱ्हेची दुर्भावना अशी यादी दिली, आणि सगळ्यांना मिळून एकच शब्द हवा असेल तर 'राजनिष्ठेचा अभाव' हा बरा, असं सुचवलं. पुढे हेही सांगितलं की ही भावना किती तीव्र आहे याला महत्त्व नाही, आणि लेखामुळे खरोखर दंगा किंवा बंड झालं का हेही बघायचं कारण नाही.

१४ सप्टेंबरला निकाल आला. सहा विरुद्ध तीन. दोषी. शिक्षा अठरा महिने सक्तमजुरी. सहआरोपी मुद्रक मात्र निर्दोष सुटला.

इथे एक तांत्रिक मुद्दा, जो बरेचदा सुटतो. हायकोर्टातल्या ज्युरी खटल्यात तेव्हा एकमत नसलं तरी चालायचं. पण निदान सहा जण एका बाजूला हवेत आणि न्यायाधीशाला ते मान्य हवं. म्हणजे ६-३ हे किमान बहुमत होतं. सहांतला एक जरी बिचकला असता, तर ५-४ झालं असतं आणि शिक्षा देताच आली नसती. न्यायाधीशाच्या एका वाक्यावर एवढा खल का झाला, हे या आकड्यावरून कळतं.

अपील: पूर्ण पीठ आणि प्रिव्ही कौन्सिल

टिळकांना सरळ अपिलाचा हक्क नव्हता. आधी हायकोर्टाकडून 'हे प्रकरण प्रिव्ही कौन्सिलकडे नेण्यायोग्य आहे' असं प्रमाणपत्र मिळवायचं होतं. अर्ज पूर्ण पीठापुढे आला: मुख्य न्यायमूर्ती फॅरन, न्यायमूर्ती कँडी आणि स्वतः स्ट्रेची! ज्यांच्या निर्देशांवर आक्षेप, तेच पीठावर. आज हे ऐकून आपण दचकतो.

बचाव पक्षाचा मुख्य मुद्दा तोच होता: 'प्रेमाचा अभाव' ही व्याख्या चुकीची आहे. पीठाचं उत्तर थोडक्यात असं: एक वाक्य सुटं काढून वाचू नका. त्याच्या पुढचेच शब्द द्वेष आणि शत्रुत्वाचे आहेत. पूर्ण भाषण ऐकलेल्या ज्युरीला 'शून्य' हा अर्थ वाटलाच नसणार. प्रमाणपत्र नाकारलं.

मग थेट लंडन. प्रिव्ही कौन्सिलकडे विशेष परवानगीचा अर्ज केला. टिळकांच्या वतीने उभे राहिले ॲस्क्विथ, जे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले. इथे उंबरठा आणखी उंच होता. १८८७ च्या डिलेट प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने स्वतःच म्हटलं होतं की आपण काही फौजदारी अपिलाचं नेहमीचं कोर्ट नाही. न्यायप्रक्रियेची पायमल्ली होऊन गंभीर अन्याय झाला असेल तरच आपण हात घालू. नोव्हेंबर १८९७ मध्ये अर्ज फेटाळला गेला. कारण पुन्हा तेच: संपूर्ण भाषण बघता दुरुस्त करण्यासारखं काही दिसत नाही.

'संपूर्ण भाषण बघा' ही कसोटी चुकीची आहे का? मला तसं वाटत नाही. भाषणातलं एखादं वाक्य ढिलं पडणारच, आणि तेवढ्यावर प्रत्येक शिक्षा रद्द करायची म्हटलं तर खटले कधी संपायचेच नाहीत. पण ही कसोटी सोयीचीही आहे. व्याख्या सांगताना न्यायाधीशाने आधी 'अभाव' म्हटलं आणि मग 'द्वेष' म्हटलं, तर ज्युररने कुठला शब्द मनात धरला? पेटी बंद आहे. पीठाने 'त्यांना नीट समजलं असणार' असं धरलं, आणि तीव्रता महत्त्वाची नाही या निर्देशामुळे 'शून्य'कडे झुकणारा अर्थ आणखी बळकट होत होता, त्याला फारसं वजन दिलं नाही. थोडक्यात, संशयाचा फायदा निर्देशांना मिळाला, आरोपीला नाही.

पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, कलम बदललं. डिसअफेक्शनमध्ये राजनिष्ठेचा अभाव आणि शत्रुत्वाच्या सर्व भावना येतात, असं स्पष्टीकरण त्यात घातलं गेलं. स्ट्रेची यांनी ज्युरीला सुचवलेला शब्द आता कायद्यातच आला! १९४२ मध्ये फेडरल कोर्टाने सार्वजनिक अव्यवस्थेची शक्यता हा गुन्ह्याचा गाभा मानला. १९४७ मध्ये सदाशिव नारायण भालेराव प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने ते खोडून पुन्हा स्ट्रेची यांची बाजू धरली. अखेर १९६२ मध्ये केदारनाथ सिंग प्रकरणात आपल्या सुप्रीम कोर्टाने कलम १२४-अ ची व्याप्ती आवळली: हिंसेची किंवा सार्वजनिक अव्यवस्थेची प्रवृत्ती असेल तरच गुन्हा. म्हणजे टिळकांच्या बचावाला हवी होती तशी आवळ कलमाला बसायला पासष्ट वर्षं लागली. टिळकांनी तुरुंगातलं जवळजवळ एक वर्ष तेव्हाच भोगलं होतं.

अपील यशस्वी कधी होतं?

आता दुसरं टोक. इंग्लंड, १९३५. वूलमिंग्टन नावाच्या तरुण शेतमजुरावर पत्नीच्या खुनाचा आरोप होता. त्याचं म्हणणं: बंदूक चुकून उडाली. पहिल्या ज्युरीचं एकमत झालं नाही. दुसऱ्या खटल्यात न्यायाधीशाने ज्युरीला सांगितलं की आरोपीच्या हातून मृत्यू झाला हे सिद्ध झालं की तो खूनच धरायचा. अपघात होता हे आरोपीने दाखवायचं. ज्युरीने दोषी ठरवलं. शिक्षा फाशीची.

हाउस ऑफ लॉर्ड्सने ही शिक्षा रद्द केली. गुन्हा सिद्ध करण्याचा भार सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरकारवरच असतो, हे तत्त्व लॉर्ड सँकी यांनी तिथे ठामपणे मांडलं. आरोपीला अपघात 'सिद्ध' करायचा नसतो. ज्युरीच्या मनात वाजवी शंका राहिली तरी पुरे.

पण एवढ्यावर अपील संपत नाही. इंग्लंडच्या १९०७ च्या फौजदारी अपील कायद्यात एक परंतुक होतं: चूक झाली असली तरी प्रत्यक्षात मोठा अन्याय झालेला नसेल, तर कोर्ट अपील फेटाळू शकतं. सरकारने त्याचाच आधार मागितला. लॉर्ड्सनी नकार दिला. योग्य निर्देश मिळाले असते तरी ज्युरी नक्की याच निकालाला आली असती, असं म्हणता येत नव्हतं.

हेच दोन प्रश्न, आणि ते या क्रमानेच विचारायचे:

१. निर्देशात चूक होती का?
२. ती चूक नसती, तरी निकाल हाच लागला असता का?

टिळकांचं अपील पहिल्याच प्रश्नावर अडलं, दुसऱ्यापर्यंत गेलंच नाही. गेलं असतं, तर ६-३ हा आकडा बोलका ठरला असता. वूलमिंग्टनने दोन्ही पायऱ्या ओलांडल्या. (१९९५ नंतर इंग्लंडमध्ये ते परंतुक गेलं. आता शिक्षा 'असुरक्षित' आहे का, एवढी एकच कसोटी आहे. पण त्या एका शब्दात दोन्ही प्रश्न दडलेलेच आहेत.)

एकच चूक, दोन निकाल

विज्ञानवाल्यांसाठी आता सगळ्यात रंजक भाग. १९९६ मध्ये इंग्लंडच्या अपील कोर्टापुढे दोन प्रकरणं एकत्र आली: डोहेनी आणि ॲडम्स. दोन्हींत डीएनए पुरावा होता आणि दोन्हींत तज्ज्ञाने एकच तार्किक घोटाळा केला होता.

घोटाळा असा. समजा, एखादा डीएनए नमुना दहा लाखांत एका माणसाशी जुळतो. इंग्रजी न्यायालयांनी वापरलेलं उदाहरण घेतलं, तर ब्रिटनमध्ये असे सुमारे २६ पुरुष सापडतील. आरोपी त्या २६ पैकी एक आहे. बाकी कुठलाच पुरावा नसेल, तर तो डाग त्याचाच असण्याची शक्यता साधारण २६ त १. पण तज्ज्ञ म्हणतो, 'डाग दुसऱ्या कोणाचा असण्याची शक्यता दहा लाखांत एक.' ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं, पण अर्थात जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'निर्दोष माणसाचा नमुना जुळण्याची शक्यता' आणि 'नमुना जुळलेला माणूस निर्दोष असण्याची शक्यता' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेझचं सूत्र शिकताना आपण P(A|B) आणि P(B|A) यांतला फरक घोकतो ना, तोच हा.

अपील कोर्टाने ज्युरीला काय सांगायचं याचा नमुनाच घालून दिला. तज्ज्ञाने फक्त सांगावं की असा नमुना किती जणांत सापडतो. मग न्यायाधीशाने ज्युरीला समजवावं: या पुराव्यानुसार देशात अशी मोजकीच माणसं असतील, आरोपी त्यांतला एक, बाकीचा पुरावा बघून डाग याचाच आहे अशी तुमची खात्री होते की त्या मोजक्यांतल्या दुसऱ्या कोणाचा असू शकतो, हे तुम्ही ठरवा.

आता निकाल बघा. डोहेनीची शिक्षा रद्द झाली. ॲडम्सची कायम राहिली. का? कारण दुसरा प्रश्न. डोहेनीच्या प्रकरणात चार कोटींत एक हा आकडाच वेगवेगळ्या चाचण्यांच्या शक्यता एकमेकींशी गुणून काढलेला होता, आणि त्या चाचण्या परस्परांपासून स्वतंत्र आहेत हे गृहीतक डळमळीत होतं. ॲडम्सच्या बाबतीत मांडणी चुकली तरी पुराव्याचं खरं वजन फारसं घटत नव्हतं. चुकीची जात एक, पोच वेगळी.

आणि उलट्या दिशेने: नानावटी

चुकीचे निर्देश नेहमी आरोपीच्याच विरुद्ध जातात असं नाही. मुंबईच्या नानावटी प्रकरणात (१९५९) ज्युरीने ८-१ ने 'निर्दोष' म्हटलं. हे शिक्षेविरुद्धचं अपील नव्हतं, हे लक्षात ठेवा. सेशन्स न्यायाधीशांनाच निकाल पटला नाही आणि त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३०७ ती मुभा देत होतं. पण हायकोर्टाने ज्युरीचा निकाल बाजूला सारताना काय तपासलं? न्यायाधीशांचे निर्देश. अपघाताच्या बचावाचे कायदेशीर घटक कोणते आणि ते दाखवण्याची जबाबदारी कोणाची, हे ज्युरीला नीट समजावलं नव्हतं. परिस्थितिजन्य पुराव्याबद्दलही नीट सांगितलं नव्हतं. पेटीत चुकीचं घातलं, म्हणून बाहेर आलेल्या उत्तरावर विसंबता येत नाही, हाच तर्क. हायकोर्टाने पुरावा स्वतः तपासून जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सुप्रीम कोर्टाने ती कायम केली.

गंमत बघा. वूलमिंग्टन सांगतो की अपघात सिद्ध करण्याचा भार आरोपीवर नाही. नानावटीत तक्रार अशी की अपवादाचा भार आरोपीवर असतो, हे ज्युरीला सांगितलं नाही. हा विरोधाभास नाही, कायदा वेगळा आहे. भारतीय पुरावा कायद्याचं कलम १०५ अपवादांचा भार आरोपीवर टाकत होतं. म्हणून 'निर्देश बरोबर की चूक' हे ठरवताना आधी विचारायचं: कुठला कायदा, कुठल्या काळातला? तुलनात्मक संशोधन करणाऱ्यांनी हे वाक्य वहीत लिहून ठेवावं.

पुढे १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आली आणि तिच्यात ज्युरीच उरली नाही.

संशोधनासाठी यातून काय घ्यायचं?

पहिली गोष्ट: निष्कर्षाशी भांडण्याआधी तो ज्या सूचनांतून आला त्या मिळवा. प्रश्नावली, सर्वेक्षकाला दिलेल्या सूचना, कोडिंगचे नियम, उपकरणाचं कॅलिब्रेशन. जिथे उत्तर देणारा कारण सांगत नाही, तिथे हीच तुमची नोंद. हे जपून ठेवणं कंटाळवाणं काम वाटतं, पण निर्देशांचं टिपण नसतं तर टिळकांच्या वकिलांकडे लंडनला नेण्यासारखं काहीच नव्हतं.

दुसरी: जे सांगितलंय त्याच्याइतकंच जे सांगितलेलं नाही तेही तपासा.

तिसरी: 'चूक आहे' आणि 'चुकीने फरक पडला' ही दोन वेगळी विधानं आहेत. दोन्हींसाठी वेगळा पुरावा द्या. परीक्षक म्हणून बसाल तेव्हाही पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारू नका, आणि लेखकाला 'एकूण बघता ठीक आहे' एवढं म्हणून निसटूही देऊ नका. एकूण बघता का ठीक आहे, ते दाखवायला लावा.

शेवटी एक सराव. समजा, चोरीच्या खटल्यात न्यायाधीश ज्युरीला म्हणतो: 'आरोपी त्या रात्री दुसऱ्या गावी होता असं तो म्हणतो. त्याचं हे म्हणणं तुम्हाला पटलं, तर त्याला सोडा. पटलं नाही, तर दोषी ठरवा.' वाक्य साधं, सरळ, न्याय्य वाटतं. यात चूक कुठे आहे? कुठला निर्देश द्यायचा राहिला? आणि दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार असतील तर उत्तर बदलेल का? वूलमिंग्टनचा भाग पुन्हा वाचा आणि अर्धं पान लिहा. उत्तर एका ओळीत आलं, तर दुसरा प्रश्न सोडवायचा राहिलाय असं समजा.